कांचळीवरचे कर्तृत्व : बंजारा भरतकामाच्या समीक्षेसाठी काही मुद्दे

मराठी समीक्षेत कर्तृत्वाचा प्रश्न कागदापाशी सुरू होतो आणि कागदापाशीच संपतो. ज्याने लिहिले तो लेखक. ज्याने चितारले आणि चित्राच्या कोपऱ्यात सही केली तो कलावंत. ज्या हाताने कापडावर टाका घातला तो हात मात्र 'लोक' या शब्दात विरघळून जातो. लोककला, लोकपरंपरा, लोकसंस्कृती! या शब्दांतला 'लोक' कोण, त्याचे पोट कशावर चालते, भर दुपारी तो कोठे असतो, हे विचारण्याची गरज प्रस्थापित समीक्षेला कधी वाटली नाही. बंजारा स्त्रीच्या भरतकामाचा विचार करताना हे प्रश्न टाळता येत नाहीत. हे भरतकाम 'परंपरे'ने केलेले नाही, एका बाईने केलेले आहे, एवढी साधी गोष्ट मान्य केली तरी त्या कापडाचा अर्थ, त्याची किंमत आणि त्याचे भवितव्य या तिन्हींचा विचार मुळापासून बदलावा लागतो.

हा विचार वाशीम जिल्ह्याच्या निमित्ताने करण्याला कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. त्यातील मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. रामनवमीला तेथे भरणाऱ्या यात्रेसाठी देशभरच्या तांड्यांतून माणसे येतात. याच पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी 'बंजारा विरासत' या नावाच्या संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत आणि तेरा दालने. ज्या समाजाला शतकभर ना गाव होते ना नोंद होती, त्याच्या नावाने एवढी वास्तू उभी राहावी ही लहान गोष्ट नाही. परंतु वास्तू उभी राहिली की समीक्षेचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. वारसा म्हणून जे काचेआड ठेवले जाते त्याचा वारस कोण, हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे.

१

प्रथम त्या कापडाकडे नीट पाहू. बंजारा स्त्रीच्या पोशाखाची तीन मुख्य अंगे आहेत. घेरदार फेटिया, पाठीवर उघडी असून बंदांनी बांधायची कांचळी आणि डोक्यावरून घ्यायची टुकरी. कांचळी एका सलग कापडाची नसते. लहानलहान तुकडे जोडून ती बांधलेली असते. प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा, त्यावरचा टाका वेगळा, आणि तरी सगळे एकमेकांना धरून असतात. त्यावर काचा बसवलेल्या असतात. काचेला भोक नसते, म्हणून ती नुसती शिवता येत नाही. आधी काचेवर आडव्या-उभ्या धाग्यांची चौकट टाकावी लागते. मग त्या चौकटीलाच सुई गुंतवत काचेभोवती गोल टाका फिरवावा लागतो. ताण कमी पडला तर काच निसटते, जास्त झाला तर कापड आवळले जाते. हा हिशेब कोठे लिहिलेला नाही. तो बोटांत असतो.

जुन्या कामात छापा नाही, पेन्सिलची रेघ नाही. कापडाचे उभे-आडवे धागे हाच आलेख. धागे मोजून सुई चालते आणि चौकोन, त्रिकोण, नागमोडी पट्ट्या मोजणीतून उभ्या राहतात. बंजारा भरतकामाची भूमिती अशी गणितातून आलेली आहे. ज्या बाईला शाळेने आकडे शिकवले नाहीत तिने मांडलेले हे गणित आहे. तिला 'अडाणी' म्हणणाऱ्या व्यवस्थेने शिक्षण म्हणजे काय, याची फेरतपासणी केली पाहिजे.

या कापडावरची प्रत्येक वस्तू इतिहासातून आलेली आहे. कवडी पाहा. ती आज आपल्याला नक्षी वाटते. परंतु मालदीवच्या बेटांवरून येणारी कवडी एकोणिसाव्या शतकापर्यंत या देशाच्या मोठ्या भागात चलन म्हणून चालत होती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मैलोन्‌मैल चालणाऱ्या समाजाच्या बायकांनी कवडी आणि नाणे कापडावर शिवले, यात हौस होती तशी व्यवहाराची जाणही होती. घर नव्हते, पेटी नव्हती, तेव्हा अंगावरचे कापड हेच घर आणि तीच तिजोरी. थैल्यांच्या कडा आणि कोपरे टाक्यांनी जाड केलेले असतात, कारण कापड फाटते ते प्रथम तेथेच. डोईवर घागर घेताना इंढोणीला जोडून पाठीवर सोडलेला भरतकामाचा चौकोनही पाण्याच्या रोजच्या खेपेसाठी होता. जाड कापडाला आलीचा तांबडा आणि निळीचा निळा रंग असे. आल ही तर वऱ्हाडच्याच मातीतली. मुळीपासून रंग देणारे हे झाड रासायनिक रंग आल्यावर शेतातून हद्दपार झाले.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीचा उलगडा करता येतो असे मांडले. त्यांच्या कसोटीला ही कांचळी सहज उतरेल. तांबड्याशी निळ्याचा विरोध, काचेच्या पुनरावृत्तीतला संवाद, दोन्ही बाजूंचा समतोल, सर्व काही तेथे आहे. मग तिला मराठी सौंदर्यविचारात जागा का मिळाली नाही? सिद्धान्त अपुरा होता म्हणून नव्हे. ज्या दिशेला सिद्धान्तकाराची दृष्टी वळली त्या दिशेला तांडा नव्हता. आणि दृष्टी वळली असती तरी ती सिद्धि पाहून थांबली असती. हात कोणाचा, दिवस कोणाचा, उपास कोणाचा, हे लयीच्या हिशेबात बसत नाही. दलित साहित्याने नेमके हेच प्रश्न विचारून मराठी सौंदर्यशास्त्राला धक्का दिला. तो धक्का कापडापर्यंत मात्र पोचवायचा राहून गेला.

२

कापड आणि दिवस यांचा संबंध सांगितल्याशिवाय हे भरतकाम समजणार नाही. तांड्यावरच्या बाईला 'स्टुडिओ' नाही. मृगाच्या पेरणीपासून निंदण, मग सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, तुरीची कापणी. यांतले बहुतेक दिवस दुसऱ्याच्या शेतात मजुरीचे. हंगाम आटोपला की कामासाठी गाव सोडायचे. या सगळ्यातून उरलेली दुपार, चूल विझल्यानंतरचा तासभर, पोराला मांडीवर घेऊन बसलेली सांज, एवढाच सुईचा वेळ. म्हणून एक कांचळी हंगामामागून हंगाम चालते. लेकीच्या लग्नासाठी आईने, म्हणजे तांड्याच्या बोलीत याडीने, अनेक वर्षे टाका टाका करून साठवलेले कापड हे साठवलेल्या वेळेचेच दुसरे नाव आहे. मजुरीतून चोरलेला वेळ म्हणा हवे तर. मालकाच्या शेतात तिचे हात विकलेले असतात, सुई धरताना ते तिचे स्वतःचे होतात.

हे सांगताना दारिद्र्याचे गोडवे गायचे नाहीत. अभाव कलेला जन्म देतो, हे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे. अभावाने किती कापडे अर्धवट राहिली, किती बोटे वेचणीच्या बोंडांनी फाटून सुई धरेनाशी झाली, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. देशातील विकासाच्या आकांक्षी जिल्ह्यांची यादी २०१८ मध्ये झाली, तीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीमचे नाव होते. 'आकांक्षी' हा शब्द गोड आहे. त्याचा अर्थ मागे ठेवलेला असा होतो.

आणि मोजदादीचा विषय निघालाच आहे, तर एक विसंगती नोंदवली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग धरला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. दुष्काळात राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यावरचे. खणलेल्या मातीचे, फोडलेल्या खडीचे माप घ्यायचे आणि त्या मापाने मजुरी द्यायची, हे या राज्याला तेव्हापासून येते. २०२४-२५ साली या कामाचा महाराष्ट्रातला दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे बाईने उचललेल्या मातीला माप आहे, दर आहे, हजेरीपट आहे. तिने घातलेल्या टाक्याला यांपैकी काहीही नाही. टाका विकला जातो तेव्हा नग मोजले जातात, तास मोजले जात नाहीत. अंगमेहनतीच्या कामाला निदान श्रम म्हणून मान्यता मिळाली. बुद्धी, स्मृती आणि नजर लागते त्या कामाला मात्र 'फावल्या वेळातला उद्योग' म्हटले गेले. फावला वेळ! तांड्यावरच्या कोणत्या बाईला तो कधी मिळाला?

३

अनामिकतेचा गौरव करणारी एक विचारधारा आपल्याकडे आहे. जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० साली भारतीय कारागिरीवर लिहिताना गावगाडा आणि वंशपरंपरा यांत तिचे रहस्य पाहिले. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ मध्ये भारतीय कारागिरावर पुस्तक लिहिले आणि जातीच्या चौकटीत पिढ्यान्‌पिढ्या एकच काम करणाऱ्या माणसाच्या जीवनात समाधान आणि पावित्र्य शोधले. यंत्रयुगाला विटलेल्या युरोपीय मनाला हे चित्र मोहक वाटले असेल. ज्यांना ती चौकट वाट्याला आली त्यांच्या बाजूने उत्तर १९३६ मध्ये मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था श्रमांची नुसती विभागणी करून थांबत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते, आणि त्या विभागणीत निवडीला जागा नसते. कारागिराचे नाव नसणे हे त्याच्या निरहंकाराचे लक्षण नाही. नाव सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता, एवढेच ते लक्षण आहे.

बंजाऱ्यांच्या बाबतीत नाव आणि नोंद यांचा इतिहास आणखी कडवट आहे. रेल्वे आली आणि बैलांचे तांडे रिकामे झाले. कारंजामार्गे जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज याच मुलखातला कापूस वाहून नेण्यासाठी टाकली गेली. वाहतूक हाच ज्यांचा धंदा त्यांचे पोट असे रुळांखाली आले. १८७१ च्या कायद्याने 'गुन्हेगार जमाती' हा शिक्का तयार केला आणि पुढे बंजाऱ्यांच्या अनेक गटांवर तो बसला. सरकारने त्यांची नावे नोंदवली, पण हजेरी घेण्यासाठी. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि माणसे 'विमुक्त' झाली. आजही हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोजला जातो. राज्याची हद्द ओलांडली की सरकारी ओळख बदलते. काच बसवण्याची रीत सरकारला विचारून बदलत नाही. ज्या समाजाची नोंद पोलिसांच्या दप्तरात प्रथम झाली, त्याच्या बाईचे नाव तिने केलेल्या कलाकृतीखाली लागणे ही म्हणूनच सौजन्याची बाब नाही. तो इतिहासाचा हिशेब आहे.

कायदा या बाबतीत समीक्षेच्या पुढे आहे, हे आपल्या समीक्षकांनी लक्षात घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कलाकृतीच्या व्याख्येत चित्र आणि शिल्प यांच्या शेजारी कलात्मक कारागिरीच्या कृतीलाही बसवले आहे. त्याच कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने कृती आपली आहे असे सांगण्याचा हक्क कर्त्याला दिला आहे. म्हणजे कांचळी करणारी बाई कायद्याच्या भाषेत कर्ती आहे. फक्त तिला हे कोणी सांगितलेले नाही आणि विकत घेणाऱ्याने विचारलेले नाही.

४

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने तो टाळू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की लुगडे नेसण्याची तुमची रीत, हातापायांत भरलेले कथलाचे-चांदीचे जडशीळ दागिने या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या. आपल्या आजी-पणजींनी त्या टाकल्या. पेहराव बदलणे हा आपल्याकडे मुक्तीचा एक कार्यक्रम होता. मग ज्या पोशाखावरून तांड्याची बाई बाजारात लांबूनच ओळखू येई आणि हिणवलीही जाई, त्याचा आपण गौरव कोणत्या तोंडाने करायचा?

पोशाखाच्या आतली बंधनेही झाकून ठेवता येत नाहीत. केसांत गुंफायची घुगरी-टोपली सौभाग्याची खूण. नवरा गेला की ती उतरवायची. जे कापड बाईच्या हाताने बोलते, तेच तिच्या वैधव्याची दवंडीही पिटते. हे न सांगता नुसते आरशांचे कौतुक करणारी समीक्षा अर्धसत्य सांगते. तांड्यावरच्या तरुण मुली आज साडी किंवा पंजाबी ड्रेस घालतात. शाळा-कॉलेजला जाताना, शहरात काम शोधताना फेटिया-कांचळीचे वजन त्यांना नको वाटते, यात गैर काय? 'संस्कृती बुडाली' म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या लेकीसुनांच्या अंगावर रोजच्या कामाला हा पोशाख घातला असता?

प्रस्तुत लेखकाच्या मते या पेचातून वाट आहे. खूण आणि कला यांत फरक केला पाहिजे. खूण दुसऱ्याने लादलेली असते आणि ती न घालण्याची मुभा नसते. कला कर्ती स्वतः निवडते. महाडचा संदेश खुणेविरुद्ध होता, बाईच्या हातातल्या कसबाविरुद्ध नव्हता. तेव्हा पोशाख उतरवण्याचा हक्क आणि सुई राखण्याचा हक्क हे एकाच स्वातंत्र्याचे दोन भाग मानले पाहिजेत. जिला कांचळी घालायची नाही तिच्यावर सक्ती नको. जिला ती करायची आहे, भिंतीवर लावायची आहे, तीत विहीर, एस. टी., ऊसतोड, शाळेची इमारत असा नवा आशय भरायचा आहे, तिला 'हे पारंपरिक नाही' म्हणून अडवायला नको. परंपरेची पहारेकरी होण्याची जबाबदारी बाईवरच का? पुरुष धोतर-पगडीतून शर्ट-पँटीत आले तेव्हा संस्कृती बुडाल्याचे कोणी म्हटले नाही.

मराठी दलित साहित्यात या वाटेची एक खूण आहे. ऊर्मिला पवार यांनी २००३ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी. आई ती विणून घर चालवी. आईच्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचे नाते लेखिकेने जोडले आणि श्रमिक आईचे कसब वाङ्मयाच्या मुखपृष्ठावर आणले. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तही (१९८०) कैकाडी समाजाचे टोपल्या विणण्याचे काम आहे. या साहित्याने कारागिरीला वेदनेचा आशय दिला. आता पुढचे पाऊल टाकायचे आहे. कारागिरी हा लेखनाचा विषय आहेच, ती स्वतःही लेखन आहे, असे मानून तिचे वाचन करायचे आहे.

५

बाजाराचा विचार केल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. जुन्या कांचळ्या आणि थैल्या व्यापारी तांड्यातून घेतात. त्यांचे तुकडे पाडून पिशव्या, उशांचे अभ्रे, पट्टे करतात आणि शहरात विकतात. एखाद्या हस्तलिखिताची पाने फाडून त्यांचे ग्रीटिंग कार्ड करावे तसा हा प्रकार. पण विकणाऱ्या घराला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. अडचणीच्या दिवशी पेटीतले कापड विकावे लागते तेव्हा ते कापड पुन्हा एकदा तिजोरीचेच काम करीत असते.

दुसरी वाट कर्नाटकातल्या संदूरने दाखवली. तेथील लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-ट्वेंटीच्या बैठकीच्या निमित्ताने संदूर कुशल कला केंद्राने चारशेपन्नासहून अधिक बायकांच्या हातच्या १७५५ वस्तू एकत्र मांडल्या आणि गिनीज बुकात विक्रमाची नोंद झाली. संघटित झाल्यावर टाक्याला बाजार मिळतो, हे येथे सिद्ध झाले. वाशीमच्या तांड्यांनी यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही एक उणीव दिसते. मानांकन मुलखाच्या नावाला संरक्षण देते. कारागिणीला अधिकृत वापरकर्ती म्हणून नोंदवण्याची सोय त्यात आहे, पण हा नमुना कोणी रचला, हे तो कायदा विचारत नाही. विक्रमाच्या नोंदीत आकडा येतो, नावे येत नाहीत. समूहाला श्रेय आणि व्यक्तीला मजुरी अशी वाटणी येथेही होण्याचा धोका आहे. नमुना शहरातल्या डिझायनरने पाठवायचा, रंग त्याने ठरवायचे आणि तांड्याच्या बाईने फक्त भरायचे, अशी पद्धत रूढ झाली तर तिच्या बोटांतले गणित संपेल आणि ती पुन्हा मजूरच होईल. शेतातली मजूर होती, आता कापडावरची.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पोहरादेवीच्या असो की मुंबई-दिल्लीच्या असो, ज्या संग्रहालयात बंजारा कापड लागेल तेथे कापडाखालच्या पाटीवर करणाऱ्या बाईचे नाव, तांडा आणि साल असावे. जुन्या कापडाचे नाव सापडत नसेल तर निदान ज्या तांड्यातून ते आले त्याचा उल्लेख असावा. नवी खरेदी करताना नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मजुरी नगावर न ठरवता तासावर ठरवावी आणि रोजगार हमीच्या दरापेक्षा ती कमी नसावी. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना टाक्यांची नावे त्यांच्या बोलीत विचारून, त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवावीत. हे काम विद्यापीठाने करावे, तसेच तांड्यातल्या शिकलेल्या पोरींनीही करावे. आपली याडी काय रचते हे त्यांच्याइतके कोणाला वाचता येणार?

आणि समीक्षेने काय करावे? तिने कविता वाचताना जे प्रश्न विचारले तेच कापडाला विचारावेत. येथे कोणती निवड केली आहे? कोठे रीत पाळली, कोठे मोडली? एका तुकड्यात अचानक रंग का बदलला? धागा संपला म्हणून, की तिला तसेच हवे होते म्हणून? हा शेवटचा प्रश्न बारकाईने विचारला की आपल्यासमोर 'लोक' उरत नाही. विचार करणारी, ठरवणारी, कधी चुकणारी आणि उसवून पुन्हा घालणारी एक बाई उरते. तिच्या टाक्याला तिचे नाव मिळेपर्यंत आपल्या सौंदर्यशास्त्राने स्वतःला मुक्त म्हणवून घेऊ नये.